विश्लेषण : रेणूंच्या गिरक्यांवरून रासायनिक अभिक्रियेची वाट कशी शोधतात?

एखादी रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होते, हे मोजण्याची साधने शास्त्रज्ञांकडे अनेक दशकांपासून आहेत. मात्र तिच्यातून नेमके काय, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने तयार होते, या प्रश्नाचे उत्तर आजही बऱ्याचदा अंदाजानेच द्यावे लागते. वायुरूपातील रेणू स्वतःभोवती कसे फिरतात, याची मायक्रोसेकंदागणिक नोंद घेणारे एक तंत्र गेल्या दीड-दोन दशकांत विकसित झाले आहे. शनीच्या टायटन या चंद्राच्या वातावरणापासून इंजिनातील ज्वलनापर्यंत अनेक ठिकाणचे कोडे सोडवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. हे तंत्र कसे चालते आणि त्याच्या मर्यादा काय, याविषयी…

अभिक्रियेचा वेग कळला, मग अडले कुठे?

बारावीच्या रसायनशास्त्रात आपण अभिक्रियेचा वेग, वेग-स्थिरांक, अऱ्हेनियसचे समीकरण शिकतो. तिथे उदाहरणे सोपी असतात. ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र आले, ‘क’ तयार झाले. प्रत्यक्षात मात्र दोन रेणू आदळले की त्यांच्यापुढे अनेक वाटा असतात. एका वाटेने ‘क’ आणि ‘ड’ तयार होतात, दुसऱ्या वाटेने ‘ई’ आणि ‘फ’. शंभर टकरींपैकी किती टकरी कोणत्या वाटेने गेल्या, या प्रमाणाला शाखा-गुणोत्तर म्हणता येईल.

एकूण वेग मोजणे तुलनेने सोपे आहे. सुरुवातीचा पदार्थ किती भराभर संपतो, एवढे पाहिले की काम होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी प्रकाशाच्या झोताने अभिक्रिया सुरू करून ती टप्प्याटप्प्याने पाहण्याची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना १९६७ मध्ये मॅनफ्रेड आयगेन यांच्यासह नोबेल मिळाले. पुढे लेझर आले. १९९९ मध्ये अहमद झेवैल यांना फेम्टोसेकंदात घडणाऱ्या अभिक्रिया टिपण्यासाठी नोबेल मिळाले. वेळेच्या बाबतीत रसायनशास्त्र अशा प्रकारे फार पुढे गेले.

तयार झालेल्या पदार्थांची ओळख मात्र मागे राहिली. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. हे यंत्र रेणूचे वजन सांगते. पण तेच अणू वेगळ्या क्रमाने जोडलेले असतील, तर वजन तेच राहते. अशा जोडीला समघटक म्हणतात. केवळ वजनावरून समघटक ओळखणे म्हणजे वजनकाट्यावर उभ्या असलेल्या जुळ्या भावांपैकी कोण कोण, हे ठरवण्यासारखे आहे. रेणू ज्या ऊर्जेला आयनित होतो, त्यावरून काही वेळा फरक करता येतो. पण तो प्रत्येक वेळी स्पष्ट असतोच असे नाही.

रेणू गिरक्या घेतो म्हणजे नेमके काय?

वायुरूपातील रेणू मोकळा असतो. तो इकडून तिकडे धावतो, त्यातील बंध कंप पावतात आणि संपूर्ण रेणू स्वतःभोवती फिरतोही. ही गिरकी सेकंदाला अब्जावधी वेळा होते. मात्र पंख्याचा रेग्युलेटर जसा हवा तसा फिरवता येतो, तसे इथे होत नाही. पुंजयामिकीच्या नियमांनुसार रेणूला ठरावीक गतींनीच फिरता येते. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायचे, तर त्याला नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे नेमक्या त्याच वारंवारतेचा तरंग शोषावा लागतो. हे तरंग मायक्रोवेव्ह आणि मिलीमीटर पट्ट्यात येतात, म्हणजे साधारण काही गिगाहर्ट्झपासून काहीशे गिगाहर्ट्झपर्यंत.

पायऱ्यांमधील अंतर कशावर ठरते? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात डोके खाणारी ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ इथे कामाला येते. फ्लायव्हीलचे वजन परिघाकडे असले तर ते फिरवायला जड जाते, मध्याकडे असले तर हलके. रेणूचेही तसेच. कोणता अणू मध्यापासून किती दूर आहे, यावर त्याचे जडत्व आघूर्ण ठरते आणि त्यावरून तो कोणत्या वारंवारतांना प्रतिसाद देईल हे ठरते. अणूंचा क्रम बदलला, बंधाचा कोन थोडा बदलला, तरी वारंवारता बदलते.

हा ठसा कितपत विश्वासार्ह?

हायड्रोजन सायनाइड म्हणजे एचसीएन. एक हायड्रोजन, एक कार्बन, एक नायट्रोजन. याच तीन अणूंचा क्रम बदलला आणि हायड्रोजन नायट्रोजनच्या बाजूला गेला की होतो एचएनसी, म्हणजे हायड्रोजन आयसोसायनाइड. दोघांचे वस्तुमान २७. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. पण गिरक्यांच्या वर्णपटात एचसीएनची पहिली रेषा सुमारे ८८.६ गिगाहर्ट्झवर येते आणि एचएनसीची सुमारे ९०.७ गिगाहर्ट्झवर. दोहोंतील अंतर दोन गिगाहर्ट्झचे, तर प्रत्येक रेषेची रुंदी त्याच्या हजारो पट कमी. त्यामुळे गफलतीला जवळजवळ वावच उरत नाही.

म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ या ठशावर विसंबून असतात. ताऱ्यांमधील ढगांत आतापर्यंत तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू सापडले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य रेणू त्यांच्या गिरक्यांच्या रेडिओ संकेतांवरून ओळखले गेले. प्रयोगशाळेत मोजलेली वारंवारता आणि दुर्बिणीने टिपलेली वारंवारता जुळली की शिक्कामोर्तब.

घरातल्या मायक्रोवेव्हमध्येही हेच होते का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. घरातील ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ती पाण्याच्या रेणूची ‘खास’ वारंवारता आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. द्रवरूप पाण्यात रेणू एकमेकांना इतके बिलगलेले असतात की त्यांना मोकळेपणी गिरकी घेताच येत नाही. विद्युत क्षेत्र दिशा बदलते, रेणू त्यामागे वळू पाहतात, शेजाऱ्यांना धडकतात आणि अन्न तापते. तिथे बारीक रेषा नसतात. नेमके ठसे हवे असतील, तर रेणू वायुरूपात आणि कमी दाबाखाली असावा लागतो.

इतके चांगले साधन, मग अभिक्रियांसाठी उशिरा का वापरले?

मायक्रोवेव्ह वर्णपटशास्त्र नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी तयार झालेली उपकरणे युद्धानंतर विद्यापीठांत आली आणि हे क्षेत्र बहरले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय विद्यापीठात टी. जे. बॅल आणि विलिस फ्लायगेर यांनी दोन आरशांच्या पोकळीत रेणूंचा थंड झोत सोडून अत्यंत संवेदनशील मोजमाप करण्याची पद्धत विकसित केली. ती आजही वापरात आहे.

अडचण होती ती वेगाची. अशी पोकळी एका वेळी साधारण एक मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी रुंदीचा पट्टा ऐकते. पुढचा पट्टा ऐकायचा तर आरसे हलवून पुन्हा जुळवणी करावी लागते. दहा गिगाहर्ट्झ तपासायचे तर हे हजारो वेळा करायचे. रेणूची रचना शोधताना एवढी सवड असते. अभिक्रियेत मात्र दहा वेगवेगळे पदार्थ एकाच वेळी तयार होत आणि संपत असतात. त्यांची तुलना करायची तर सगळे एकाच क्षणी दिसायला हवेत.

हा अडथळा दूर केला तो व्हर्जिनिया विद्यापीठातील ब्रूक्स पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००६ ते २००८ या काळात त्यांनी ‘चर्प्ड पल्स’ पद्धत मांडली. चर्प म्हणजे पक्ष्याची चिवचिव, ज्यात सूर खालून वर सरकत जातो. रडारमध्ये ही क्लृप्ती जुनीच. पेट यांच्या गटाने साधारण एका मायक्रोसेकंदात ७.५ पासून १८.५ गिगाहर्ट्झपर्यंत सरकणारा तरंग रेणूंवर सोडला. हार्मोनियमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झरकन बोट फिरवावे, तसे. या पट्ट्यात ज्या ज्या रेणूंचा सूर आहे, ते सगळे एकदम जागे होतात आणि तरंग थांबल्यावर काही मायक्रोसेकंद आपापल्या सुरात क्षीण संकेत देत राहतात. देवळातली घंटा वाजवून झाल्यावर तिचा नाद घुमत राहतो, तसेच हे. वेगवान डिजिटल ऑसिलोस्कोप हा एकत्र नाद नोंदवतो आणि फूरिये रूपांतराने संगणक त्यातले सूर वेगळे करतो.

हे तेव्हाच का शक्य झाले, याचे कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. हवा तसा तरंग तयार करणारे जनरेटर आणि सेकंदाला अब्जावधी नमुने टिपणारे डिजिटायझर याच सुमारास पुरेसे वेगवान झाले होते. त्यामुळे हे तंत्र रसायनशास्त्राइतकेच इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचेही अपत्य आहे, असे म्हणता येईल.

वेळेची नोंद कशी होते?

प्रयोगाची मांडणी साधारण अशी असते. ज्या वायूची अभिक्रिया पाहायची, त्यात असा एक रेणू मिसळतात, जो अतिनील लेझरने फुटतो आणि क्रियाशील तुकडा मोकळा करतो. लेझरचा स्पंद सुटला तो क्षण शून्य. त्यानंतर ठरावीक अंतराने, म्हणजे दर काही मायक्रोसेकंदांनी, चर्प सोडायचा आणि प्रत्येक चर्पनंतरचा नाद स्वतंत्र नोंदवायचा. प्रत्येक नोंद म्हणजे त्या क्षणाचे एक छायाचित्र. त्यात सुरुवातीचा पदार्थ, मधला टप्पा आणि अंतिम उत्पादने, सगळ्यांच्या रेषा एकत्र असतात.

ही छायाचित्रे एकापुढे एक लावली की प्रत्येक रेषेची चढती-उतरती कमान मिळते. एखाद्या पदार्थाची रेषा लेझरनंतर लगेच उंच झाली, तर तो थेट तयार झाला. ती आधी शांत राहून हळूहळू चढली, तर तो दुसऱ्या कुणापासून तयार होतो आहे. एकाची रेषा ज्या वेगाने उतरते त्याच वेगाने दुसऱ्याची चढत असेल, तर नाते स्पष्ट होते. संकेत क्षीण असल्याने हाच प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढली जाते.

मात्र रेषेची उंची म्हणजे थेट रेणूंची संख्या नव्हे. रेणूचे द्विध्रुव आघूर्ण किती आहे, तापमान किती आहे, किती रेणू कोणत्या पायरीवर आहेत, हे लक्षात घेऊन हिशेब करावा लागतो. द्विध्रुव आघूर्ण बहुधा माहीत असते किंवा गणिताने अचूक काढता येते. त्यामुळे दोन पदार्थांचे परस्पर प्रमाण बऱ्याच विश्वासाने सांगता येते. या तंत्राचे हे मोठे बलस्थान मानले जाते.

रॉकेटच्या नॉझलचा इथे काय संबंध?

अंतराळातील ढगांचे तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्या तापमानाला अभिक्रिया तपासायची, तर वायू थंड करावा लागतो. पण साध्या फ्रीजसारख्या कोठीत तो भिंतींवर गोठून बसतो. यावर १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये बर्ट्रांड रोव आणि सहकाऱ्यांनी उपाय शोधला. त्यांनी वायू लाव्हाल नॉझलमधून सोडला.

आधी अरुंद आणि मग रुंद होत जाणारे हे नॉझल स्वीडिश अभियंता गुस्ताफ दे लाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरले. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे डेअरी व्यवसायातही त्यांचे नाव ठाऊक आहे. रॉकेटच्या खालच्या बाजूला दिसणारी घंटा म्हणजे याच नॉझलचा अर्धा भाग. वायू त्यातून बाहेर पडताना ध्वनीपेक्षा वेगवान होतो आणि त्याच वेळी कमालीचा थंड होतो. नॉझलचा आकार नेमका काढला, तर पुढचे काही सेंटिमीटर वायूचे तापमान, घनता आणि वेग एकसारखे राहतात. हा भिंती नसलेला फ्रीजच. प्रवाहाचा वेग ठाऊक असल्याने नॉझलपासूनचे अंतर म्हणजेच गेलेला वेळ, असा सरळ हिशेबही मांडता येतो.

रेन शहरातील गटाने या पद्धतीने दाखवले की, सायनो रॅडिकल आणि हायड्रोकार्बन यांच्यासारख्या अभिक्रिया एवढ्या थंडीतही थांबत नाहीत, उलट अतिशय वेगाने होतात. पुस्तकातील ‘तापमान घटले की वेग घटतो’ या नियमाला इथे अपवाद आहे. कारण या अभिक्रियांना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठाच नसतो. पण त्यातून काय तयार होते, हा प्रश्न शिल्लक होता.

सायनो आणि प्रोपाइनच्या प्रयोगात काय आढळले?

आर्थर सूट्स यांचा अमेरिकेतील गट, एमआयटीचे रॉबर्ट फील्ड आणि रेनचे इयन सिम्स यांनी ही दोन तंत्रे एकत्र आणली. लाव्हाल नॉझलमधून येणारा थंड प्रवाह आणि त्यावर चर्प्ड पल्स. २०१४ मध्ये त्यांनी पद्धत मांडली आणि २०१५ मध्ये सायनो रॅडिकल आणि प्रोपाइन यांच्या अभिक्रियेचे शाखा-गुणोत्तर प्रसिद्ध केले.

प्रोपाइनमध्ये तीन कार्बन एका ओळीत असतात. एका टोकाला मिथाइल गट, मग तिहेरी बंध. सायनो गट आतल्या कार्बनला चिकटला तर मिथाइल निघून जातो आणि सायनोॲसिटिलीन उरते. तो टोकाच्या कार्बनला चिकटला तर एक हायड्रोजन निघून जातो आणि मिथाइल सायनोॲसिटिलीन तयार होते. तिसरी वाट म्हणजे सायनोने एक हायड्रोजन ओढून घेणे, ज्यातून हायड्रोजन सायनाइड मिळते. चौथी शक्यता सायनोॲलीनची. हा रेणू मिथाइल सायनोॲसिटिलीनचा समघटक. दोघांचे वस्तुमान ६५.

मोजमापात सुमारे ६६ टक्के अभिक्रिया सायनोॲसिटिलीनच्या वाटेने, सुमारे २२ टक्के मिथाइल सायनोॲसिटिलीनच्या वाटेने आणि सुमारे १२ टक्के हायड्रोजन सायनाइडच्या वाटेने गेल्याचे आढळले. सायनोॲलीन मोजमापाच्या मर्यादेत दिसलेच नाही. वजनाने सारख्या असलेल्या दोघांपैकी एक आहे आणि एक नाही, हे रेषांच्या जागेवरून स्पष्ट झाले.

मिथाइल आणि हायड्रोजन हे निसटलेले तुकडे या यंत्राला दिसत नाहीत. पण प्रत्येक वाटेवर त्यांचा एक जोडीदार दिसतो आणि तेवढ्यावरून वाट ओळखता येते.

टायटन आणि दूरच्या ढगांना याचा काय फरक पडतो?

पृथ्वीपासून शेकडो प्रकाशवर्षे दूर, वृषभ राशीच्या दिशेला एक थंड काळा ढग आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला टीएमसी-१ म्हणतात. तिथे मिथाइल सायनोॲसिटिलीन आणि सायनोॲलीन हे दोन्ही रेणू सापडले आहेत. वरील प्रयोग बरोबर असेल, तर तिथले सायनोॲलीन प्रोपाइनपासून आलेले नसावे. मग त्याच्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते. एका अभिक्रियेचे शाखा-गुणोत्तर कळल्याने पूर्ण जाळ्याचा हिशेब बदलतो, तो असा.

अशा ढगांची संगणकीय प्रारूपे हजारो अभिक्रिया एकत्र गुंफून तयार होतात. त्यांतील अनेक अभिक्रियांची शाखा-गुणोत्तरे मोजलेली नाहीत; ती सैद्धांतिक गणितावरून किंवा सरळ अंदाजाने भरलेली असतात. एका ठिकाणचा अंदाज चुकला तर चूक पुढे सरकत जाते.

एचसीएन आणि एचएनसी हे याचे ठळक उदाहरण. एचएनसी ऊर्जेच्या दृष्टीने बराच वरचा, म्हणजे कमी स्थिर रेणू आहे. समतोल असता तर इतक्या थंडीत तो जवळपास नसायलाच हवा. तरीही काही थंड ढगांत तो एचसीएनच्या जवळपास बरोबरीने आढळतो. म्हणजे तिथे काय टिकते यापेक्षा काय कोणत्या वाटेने तयार होते, याला अधिक महत्त्व आहे.

टायटनच्या नायट्रोजन-मिथेनच्या वातावरणातही हेच रेणू आहेत. २०१७ मध्ये चिलीतील ‘अल्मा’ दुर्बीण समूहाच्या नोंदींतून तिथे विनाइल सायनाइड असल्याचे स्पष्ट झाले. याच विनाइल सायनाइडवर अतिनील लेझर टाकून एचसीएन आणि एचएनसी कसे सुटतात, याचा अभ्यास फील्ड आणि किरिल प्रोझुमेंट यांनी चर्प्ड मिलीमीटर तरंगांनी केला आहे. सुटलेला रेणू कंप पावत असेल तर त्याची रेषा किंचित सरकते. त्यावरून तो तुटताना कोणत्या आकारातून गेला असावा, याचाही माग काढता येतो.

पृथ्वीवर याचा उपयोग काय?

हवेतील ओझोन जेव्हा इथिलीनसारख्या वायूंशी संयोग पावतो, तेव्हा मध्ये एक अल्पायुषी रेणू तयार होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगी यांच्या नावाने तो ओळखला जातो. वातावरणातील सल्फ्युरिक आम्ल आणि सूक्ष्म कण तयार होण्यात त्याचा वाटा असू शकतो. तो इतका चटकन नाहीसा होतो की अनेक दशके त्याचे अस्तित्व अप्रत्यक्ष पुराव्यांवरच मानले जात होते. २०१५ मध्ये ओझोन आणि इथिलीनच्या प्रत्यक्ष अभिक्रियेत तो गिरक्यांच्या वर्णपटावरून ओळखला गेला. शहरांच्या हवेतील ओझोन आणि सूक्ष्म कणांचे अंदाज ज्या प्रारूपांवर बेततात, त्यांत या रेणूच्या अभिक्रिया आहेत.

ज्वलन हे दुसरे क्षेत्र. इंधन जळताना शेकडो मधले रेणू तयार होतात आणि काजळी कोणत्या समघटकापासून सुरू होते, हे महत्त्वाचे असते. अमेरिकेतील अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रोझुमेंट यांच्या गटाने खोलीच्या तापमानाच्या नळीतील प्रवाहात हे तंत्र बसवले आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी अवाढव्य पंप आणि अतिथंड प्रवाहाची गरज राहत नाही.

मायक्रोसेकंदाहून वेगवान घटना टिपता येतात का?

थेट नाही, पण एक वळसा घेऊन येतात. रेणू दोन आकारांमध्ये भराभर बदलत असेल, तर दोघांच्या रेषा आधी रुंद होतात आणि बदल आणखी वेगवान झाला की एकमेकांत मिसळतात. रुंदी आणि मिसळण्याच्या प्रमाणावरून बदलाचा वेग काढता येतो. एनएमआर वापरणाऱ्यांना ही कल्पना परिचयाची आहे.

पेट यांच्या गटाने २००८ मध्ये सायक्लोप्रोपेन कार्बोक्साल्डिहाइड या रेणूवर हेच केले. अवरक्त लेझरने ऊर्जा दिल्यावर त्याचा एक गट इकडून तिकडे पिकोसेकंदांच्या प्रमाणात फिरतो. हा बदल रूढ सांख्यिकी सिद्धांताच्या अंदाजापेक्षा दहा पटींहून अधिक मंद निघाला. रेणूला दिलेली ऊर्जा त्याच्या सर्व बंधांत लगेच समान वाटली जाते, असे तो सिद्धांत धरून चालतो. या रेणूच्या बाबतीत ते गृहीतक टिकले नाही.

मर्यादा कोणत्या?

पहिली आणि मूलभूत मर्यादा म्हणजे रेणूला द्विध्रुव आघूर्ण हवे. त्याचे एक टोक किंचित धन आणि दुसरे ऋण असल्याशिवाय तो या तरंगांना दाद देत नाही. नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, ॲसिटिलीन, कार्बन डायऑक्साइड, बेंझीन हे सगळे या यंत्राला अदृश्य. काजळीच्या अभ्यासात ही उणीव विशेष जाणवते. बेंझीनचा समघटक फल्व्हिन दिसतो, पण खुद्द बेंझीन दिसत नाही. त्यामुळे हे तंत्र मास स्पेक्ट्रोमीटरची जागा घेणार नाही. दोघांनी एकमेकांना पूरक राहायचे आहे.

दुसरी अडचण दाबाची. दाब जास्त असेल तर रेणू सतत आदळतात आणि नाद लगेच विरतो. दाब कमी असेल तर नाद टिकतो, पण नवे रेणू आदळून शांत व्हायला वेळ लागतो. ते कोणत्या पायऱ्यांवर विखुरले आहेत हे कळत नाही आणि हिशेब चुकू शकतो. थंड प्रवाहातली घनता अभिक्रियेला सोयीची असते, पण मोजमापाला जास्त ठरते. म्हणून आतला थोडा वायू बाजूला काढून कमी दाबात मोजण्याच्या रचना काही गटांनी केल्या आहेत.

तिसरी मर्यादा ठशांच्या यादीची. एखाद्या रेणूची वारंवारता आधी मोजलेली किंवा गणिताने काढलेली नसेल, तर दिसलेली रेषा कुणाची हे सांगता येत नाही. रेणू मोठा होत गेला की रेषांची संख्या वाढते आणि प्रत्येक रेष फिकी पडते.

भारतात या क्षेत्रात काय काम आहे?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ई. अरुणन यांच्या गटाने फूरिये रूपांतर मायक्रोवेव्ह वर्णपटमापी उभारला. त्यावर रेणूंच्या सैल बांधलेल्या जोड्यांची रचना अभ्यासली गेली. हायड्रोजन बंधाची व्याख्या २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर नव्याने करण्यात आली, त्या कार्यगटाचे नेतृत्व प्रा. अरुणन यांनी केले होते. वेळेनुसार अभिक्रिया टिपण्याच्या दिशेने जायचे तर लेझर, निर्वात तंत्र, उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक्स आणि संकेत-प्रक्रिया हे सगळे एका छताखाली यावे लागते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला काम असू शकते, हे आपल्याकडे महाविद्यालयात फारसे कुणी सांगत नाही. या क्षेत्रात मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पुढे काय?

नासाचे ‘ड्रॅगनफ्लाय’ हे उडते यान २०२८ मध्ये प्रक्षेपित होऊन २०३४ मध्ये टायटनवर उतरण्याचे नियोजन आहे. त्यावर मास स्पेक्ट्रोमीटर असेल आणि तो तिथल्या पृष्ठभागावरील सेंद्रिय पदार्थांची तपासणी करेल. तिथे काय आहे याची यादी त्यातून मिळेल. ते पदार्थ वातावरणातील साध्या रसायनातून तयार झाले की आणखी कशातून, हे ठरवण्यासाठी मात्र प्रत्येक वाटेने किती टक्के रेणू जातात याचे आकडे हाताशी असावे लागतील. ते पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत, एकेका अभिक्रियेसाठी वेगळे मोजावे लागणार आहेत. प्रोपाइनचे आकडे मिळाले आहेत; यादीतल्या बऱ्याच अभिक्रियांपुढे अजून अंदाजच लिहिलेला आहे.